हिवाळ्यात शेत फार आवरू नका: छोट्या सेंद्रिय शेतावरच्या या चुका टाळा

शेवटचं पीक निघालं आणि थंडी पडली की शेतावर अचानक सवड मिळते. कामं कमी झालेली असतात, पण हात स्वस्थ बसत नाहीत. मग वाळकी ताटं उपटली जातात, पाला ओढून कोपऱ्यात पेटवला जातो, कुंपणाची झुडपं भादरली जातात. शेत झाडलेल्या अंगणासारखं दिसायला लागतं आणि बघून बरं वाटतं. हिवाळ्यात होणाऱ्या बहुतेक चुकांची सुरुवात त्या बरं वाटण्यापासूनच होते.

जो फवारणी करत नाही, त्याची सगळी भिस्त ढालकिडे (लेडीबर्ड), कोळी, बेडूक, घुबडं आणि मधमाश्यांवर असते. थंडीत ही मंडळी दिसेनाशी होतात, पण त्यातली बरीचशी शेत सोडून कुठेही गेलेली नसतात. त्याच ताटांत, त्याच पाल्याखाली, त्याच फांद्यांच्या ढिगात ती दडून बसलेली असतात. म्हणून पुढे जे लिहिलंय, त्यातलं बरंचसं काय करू नये याबद्दलच आहे.

वाळकी ताटं उपटून टाकणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जगात मधमाश्यांच्या २०,०००हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य पोळ्यात राहत नाहीत, एकेकट्या राहतात. कुणी जमिनीत बीळ करतं, कुणी पोकळ किंवा मऊ गाभ्याच्या ताटात. ताटात राहणारी मादी नळीत एकामागून एक खोल्या करते, प्रत्येक खोलीत परागाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते आणि माती किंवा पानाचा तुकडा लावून दार बुजवते. तिचं आयुष्य तिथेच संपतं. तिची पिल्लं मात्र अख्खा हिवाळा त्या बंद खोलीत काढतात. तुम्ही सूर्यफुलाचं वाळकं ताट उपटून जाळलंत, तर पुढच्या हंगामात फुलांवर येणाऱ्या माश्याच जाळल्या.

पाल्याखालीही तेच. ढालकिडे थंडीत एकमेकांना चिकटून घोळक्याने बसतात, कधी सालीच्या फटीत, कधी वाळक्या पानांच्या गुंडाळीत. एक मोठा ढालकिडा दिवसाला ५०पर्यंत मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारे बारीक किडे, फस्त करू शकतो. हंगामाच्या सुरुवातीला कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसायला लागतो, तेव्हा शेतातच जागे होणारे शंभरेक ढालकिडे हाताशी असणं आणि कुठूनतरी उडत येतील म्हणून वाट बघणं, यात पिकाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

मग करायचं काय? ताटं मुळासकट उपटू नका. जमिनीपासून ३० ते ४५ सेंटीमीटर उंचीवर कापा आणि खालचे खुंट तसेच उभे राहू द्या. वरच्या भागाच्या सैल मोळ्या बांधून बांधाच्या कडेला उभ्या करा, म्हणजे पाणी निथळून आत बुरशी धरत नाही. बोंडांत बी असेल तर ती मोळीतल्या ताटांवरच राहू द्या. दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांना याच दिवसांत त्यांची सगळ्यात जास्त गरज असते.

इथे एक अपवाद नीट लक्षात ठेवायला हवा, कारण "काहीच काढू नका" असा अर्थ घेणंही चूकच. करप्याने गेलेले वेल, भुरीने पांढरी पडलेली झुडपं, जमिनीवर पडून सडलेली फळं शेतात ठेवायची नाहीत. तसंच खोडकिडीचं. खोडकिडीच्या अळ्या धसकटातच थंडी काढतात आणि पुढच्या पिकावर तुटून पडतात. ताट हातात घेऊन बघा. बाजूला गोल भोक असेल आणि भोकातून भुशासारखी विष्ठा बाहेर आली असेल, तर ते काढा. कोरडं, धड, टोकाला मातीने बुजवलेलं ताट मात्र राहू द्या. दहा-बारा ताटं उभी चिरून पाहिलीत की नजर बसते.

फांद्यांचा ढीग जागच्या जागी पेटवणं

महिनाभर पडून राहिलेल्या ढिगात बेडूक, सरडे, साप आणि छोटे सस्तन प्राणी शिरलेले असतात. थंडीत त्यांचं अंग मंदावलेलं असतं, धूर आला तरी त्यांना पळता येत नाही. रोगट फांद्या जाळण्यावाचून इलाज नसेल, तर ढीग हाताने उचलून दुसऱ्या जागी रचा आणि त्याच दिवशी पेटवा. निरोगी फांद्या जाळूच नका. सावलीच्या कोपऱ्यात रचलेला ढीग वर्षानुवर्षं तसाच राहिला तरी काही बिघडत नाही.

उंदीर वाढले म्हणून विष ठेवणं

थंडी पडली की उंदीर शेतातून गोठ्याकडे, खुराड्याकडे आणि धान्याकडे सरकतात. हे स्थलांतर दर वर्षीचं आहे. पण अचानक जिकडेतिकडे लेंड्या दिसायला लागल्या की माणूस घाबरतो आणि विषाच्या वड्या आणतो.

या वड्यांमध्ये बहुधा रक्त गोठू न देणारी औषधं असतात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात. त्या दिवसांत तो सुस्त होतो, उघड्यावर येतो, दिवसाही भटकतो. घुबडाला असा उंदीर सगळ्यात आधी सापडतो. ब्रोडिफॅकम, ब्रोमॅडिओलोन यांसारखी विषं शिकाऱ्याच्या यकृतात महिनोन्‌महिने टिकतात आणि प्रत्येक विषारी उंदरागणिक साठत जातात. गव्हाणी घुबड एका रात्रीत तीन-चार उंदीर सहज खातं. ते मेलं, तर आपल्या शेतावर रोज रात्री फुकट होणारं काम थांबलं. उंदराची मादी तीन आठवड्यांत वितते, घुबडाची जोडी मात्र इतक्या लवकर परत मिळत नाही.

उंदीर का आले ते आधी शोधा. दहापैकी नऊ वेळा उत्तर खुराड्यातल्या खाद्यात सापडतं. रात्री भांड्यात उरलेले दाणे, जमिनीवर सांडलेला भरडा, गोणीत उघडं ठेवलेलं धान्य. संध्याकाळी भांडं उचला, धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि दोन आठवडे थांबून बघा.

दुसरी गोष्ट जाळी. षटकोनी भोकांची नेहमीची कोंबडीजाळी कोंबड्या आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. मोठा उंदीर २ सेंटीमीटरच्या फटीतून आत येतो, छोट्या उंदराला ६-७ मिलिमीटर पुरतात. म्हणून खालचा भाग ६ मिलिमीटरच्या आतल्या चौकोनी वेल्डेड जाळीने झाका आणि जाळी जमिनीत ३० सेंटीमीटर पुरा. एवढं करूनही राहिले तर सापळे लावा, पण पेटीच्या आत, म्हणजे पक्षी आणि मुंगसासारखे प्राणी त्यात अडकणार नाहीत.

उंदरांशी जोडलेली आणखी एक चूक फळझाडांपाशी होते. ऊब मिळावी म्हणून पाल्याचं जाड आच्छादन थेट बुंध्याला भिडवलं जातं. त्या उबेत उंदीर घर करतात आणि खायला दुसरं काही नसलं की बुंध्याची साल कुरतडतात. साल सगळीकडून गोल कुरतडली गेली, तर झाड वाचवणं फार कठीण. आच्छादन बुंध्यापासून १५ सेंटीमीटर लांब ठेवा. एवढंच पुरतं.

खुराडं हवाबंद करणं

आपल्याला थंडी वाजते, म्हणून कोंबड्यांनाही वाजत असणार असं वाटतं आणि मग सगळ्या फटी पोत्यांनी बुजवल्या जातात. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुलवून ती बरीच थंडी सोसते. तिला ओल सोसत नाही. रात्रभरचा श्वास आणि विष्ठा यांची वाफ बंद खुराड्यात कोंडते, तुऱ्यावर बसते आणि कडाक्याच्या थंडीत तुऱ्याची टोकं काळी पडतात. विष्ठेतून निघणाऱ्या अमोनिया वायूने सर्दी-खोकला सुरू होतो तो वेगळाच.

पहाटे खुराड्याचं दार उघडून आत डोकं घाला. नाक चुरचुरलं किंवा भिंतीला आतून घाम आलेला दिसला, तर हवा कमी पडतेय. झरोके कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा वर, छताजवळ ठेवा. वाफ तिथून निघून जाईल आणि झोत अंगावर येणार नाही. खाली कोरड्या भुशाचा किंवा पाल्याचा जाड थर द्या. अंडी कमी झाली म्हणून खाद्य बदलत बसू नका. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो आणि हिवाळ्यात तो नसतो. तो त्यांचा विसावा आहे, त्यांना तो घेऊ द्यावा.

दव गोठणाऱ्या रात्री

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर त्या रात्री पीक करपण्याचा धोका जास्त. जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते आणि गार हवा जड असल्यामुळे उतारावरून वाहत सखल भागात साचते. उताराच्या खालच्या टोकाला दाट कुंपण असेल, तर ते धरणासारखी ही हवा अडवतं. तिथे तळाशी एखादी मोकळी फट ठेवली की हवा वाहून जाते.

नेहमीची चूक प्लॅस्टिकची. प्लॅस्टिक पानांना चिकटलं की तिथेच पान मरतं. त्यापेक्षा जुनी चादर किंवा गोणपाट काठ्यांवर ताणा, कडा जमिनीपर्यंत आणा म्हणजे मातीची ऊब आत राहते, आणि सकाळी ऊन आलं की काढा. आदल्या दुपारी वाफ्याला पाणी द्या, ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते. जाड आच्छादन मुळांना जपतं हे खरं, पण मातीची ऊब वरही येऊ देत नाही. त्यामुळे बुटक्या, कोवळ्या रोपांभोवतीचा पाला अशा दोन-तीन रात्रींपुरता हाताने बाजूला सारावा.

पानं काळी पडलीच, तर लगेच कात्री घेऊन धावू नका. मेलेली पानं आतल्या कळ्यांना पुढच्या थंडीपासून झाकतात. नवी फूट दिसली की मग छाटा.

मधपेटी उघडून बघणं

काळजीपोटी होणारी ही चूक. थंडीत मधमाश्या एकमेकींना बिलगून गोळा करतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून आत ऊब तयार करतात. हवा १० अंशांखाली असताना झाकण उघडलं, की ती ऊब क्षणात जाते आणि परत तयार करायला त्यांना मध जाळावा लागतो. पुष्कळ वसाहती थंडीने नाही, उपासमारीने आणि ओलीने मरतात. पेटी मागून एका हाताने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्या. हलकी लागली तर आत कोरडी साखर किंवा घट्ट पाकाची वडी ठेवा, पातळ पाक नको. पेटी पुढच्या बाजूला जराशी कलती ठेवा, म्हणजे आत जमलेलं पाणी बाहेर पडतं. दारासमोर थोड्या मेलेल्या माश्या दिसणं नेहमीचं आहे. फक्त त्यांनी दार बुजलेलं नाही ना, ते बघा.

पक्षी आणि पाणी

दाणे ठेवणं चांगलं, पण चार दिवस ठेवून बंद करणं वाईट. छोटा पक्षी एका गारठलेल्या रात्रीत अंगातली बरीचशी चरबी संपवतो. सकाळी ठरलेल्या जागी दाणे मिळतील म्हणून तो आला आणि ते नसले, तर दुसरी जागा शोधण्याइतकी ताकद त्याच्यात उरतेच असं नाही. थोडेच ठेवा, पण कडाका संपेपर्यंत रोज ठेवा. खारवलेलं आणि बुरशी आलेलं काही नको, बुरशीच्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. भांडं आठवड्याला घासून वाळवा. अंग फुगवून गप्प बसलेला पक्षी भांड्यापाशी दिसला, तर खाऊ घालणं काही दिवस थांबवा. एकाच भांड्यावर गर्दी झाली की आजार झपाट्याने पसरतो.

सरळ भिंतींच्या हौदात तिरकी फळी टाकून ठेवा, पडलेला बेडूक किंवा सरडा तिच्यावरून चढून येतो. तळं गोठत असेल तर बर्फावर घाव घालू नका. ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड असल्यामुळे तळाशी राहतं आणि बेडूक-मासे तिथेच निपचित असतात. घावाचा हादरा त्यांच्यापर्यंत पोचतो. गरम पाण्याचं पातेलं बर्फावर टेकवून भोक पाडा.

खताचा ढीग थंड पडला म्हणून ढवळणं

एक घनमीटरपेक्षा लहान ढीग हिवाळ्यात तापत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मोठा असून थंड असेल तर आतलं मूठभर दाबून बघा. पाण्याची धार निघाली तर वाळका पाला मिसळा, एक-दोन थेंबही निघाले नाहीत तर पाणी शिंपडा, आणि नुसता पालाच असेल तर शेण किंवा हिरवा कचरा घाला.

पण ढवळण्याआधी तो ढीग किती दिवस शांत होता, ते आठवा. थंड ढीग म्हणजे बेडकांचं आणि सापांचं अंथरूण. मला दोन ढीग ठेवणं बरं वाटतं: एक तापवायचा आणि वरचेवर परतायचा, दुसरा पूर्ण हिवाळा हात न लावता ठेवायचा. परतायला फावड्याऐवजी दाताळं वापरा. गांडुळंही कमी तुटतात.

घाईने मोळ्या सोडणं

पहिला उबदार दिवस आला की आवरायची इच्छा पुन्हा उसळते. दिवसाचं तापमान सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहीपर्यंत थांबा. त्यानंतरही बांधाकडच्या मोळ्या लगेच जाळू नका किंवा बारीक करू नका, कारण सगळ्या जाती एकाच वेळी बाहेर पडत नाहीत, काहींना उन्हाळा उजाडतो. पाला हलक्या हाताने, एका वेळी एक वाफा असा ओढा. वाफ्यातले ३०-४५ सेंटीमीटरचे खुंट राहूच द्या. नवी पालवी त्यांना महिन्याभरात झाकून टाकते आणि त्यांच्या उघड्या तोंडातून या वर्षीच्या माद्या आत शिरायला लागतात.