बालदमा आणि लसीकरण: कामाचा दर्जा मोजताना या चुका टाळा

मार्चअखेर दवाखान्याचं रजिस्टर उघडलं की सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. तरी शाळेतली मुलं खोकतातच आहेत. मग मोजताना गडबड कुठे होते?

बहुतेक वेळा भाजकात. ओपीडीत आलेल्या बाळांपैकी किती जणांचे डोस झाले, हा लसीकरणाचा टक्का नव्हे. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं बाळ त्यात मोजलंच जात नाही. भाजक आशाताईंच्या यादीतून घ्या. आणि खूण बघू नका, तारीख बघा. पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचे) डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात; तिसरा डोस आठव्या महिन्यात मिळाला तरी खूण तशीच दिसते.

दम्याचा हिशेब याहून अवघड. 'दमा' हा शब्द घरच्यांना नको असतो (लग्नापर्यंतची काळजी आत्ताच!), म्हणून आपणही केसपेपरवर 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' लिहून मोकळे होतो. वर्षअखेरीस 'दमा' शोधला की मूठभर मुलं सापडतात, तीही नियमित येणारी. आकडा छानच येणार. त्यापेक्षा वर्षात दोन-तीनदा नेब्युलायझर लागलेली मुलं शोधा, निदान काहीही लिहिलेलं असो.

'इनहेलर दिला' हा रकाना तर सगळ्यात फसवा. आमच्याकडे एका आजींना म्हटलं, "करून दाखवा बघू." पंप न हलवताच त्यांनी स्पेसरला (पंपापुढच्या नळीला) लावला, लागोपाठ दोनदा दाबला आणि नातवाने दोन श्वासांत तोंड फिरवलं. कागदावर मात्र 'तंत्र समजावले'. पंप हलवून एकदा दाबायचा, पाच-सहा संथ श्वास, मग परत हलवून दुसऱ्यांदा. रकान्याचं नाव 'करवून पाहिले' ठेवा.

पुढच्या खेपेला रिकामे पंप आणायला सांगा. मेडिकलमधून परस्पर घेतलेले आपल्या नोंदीत येत नाहीत. साल्ब्युटामॉलचे (धाप लागल्यावर लगेच आराम देणाऱ्या औषधाचे) 200 मात्रांचे तीन पंप वर्षात संपत असतील, तर दमा आटोक्यात ठेवणारं रोजचं औषध पोटात, म्हणजे छातीत, जात नाहीये. अमेरिकेत यासाठी एक गुणोत्तर बरीच वर्षं वापरलं गेलं: दम्याच्या एकूण औषधांत रोजच्या औषधाचा वाटा निम्मा तरी हवा.

दमा ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणून नोव्हेंबरची तुलना एप्रिलशी करू नका, मागच्या नोव्हेंबरशी करा.

आणि "कसा आहे?" असं विचारलंत तर "बराय" हेच उत्तर येणार. गेल्या चार आठवड्यांत रात्री खोकल्याने उठला का, खेळताना थांबावं लागलं का, हे विचारा. दुसरा प्रश्न मुलालाच.