प्रोसेसरच्या बसची फ्रिक्वेन्सी वाढवताना

माझ्याकडचा इंटेलचा कोअर टू ड्युओ ई६६०० प्रोसेसर मूळचा २.४ गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे बस (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणारा मार्ग) २६६ मेगाहर्ट्‌झ, गुणिले ९ हा गुणक. बस ३३३ केली की तोच ३ गिगाहर्ट्‌झवर जातो.

पण एकदम ३३३ टाकू नका. आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पीसीआय एक्स्प्रेस (ग्राफिक्स कार्डसारख्या भागांची जोडणी) १०० मेगाहर्ट्‌झवर लॉक करा, म्हणजे बसबरोबर ते वाढणार नाही. ही पायरी मी एकदा विसरले आणि हार्ड डिस्कवरच्या फायली खराब झाल्या. त्याची हळहळ अजून वाटते. मग रॅमचं बसशी गुणोत्तर १:१ ठेवा. बस ३३३ असेल तर डीडीआर२ रॅम (एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवणारी) दुपटीने, म्हणजे ६६७ वर चालते, त्यामुळे ८०० च्या रॅमवर ताण येत नाही. आता दर वेळी १० मेगाहर्ट्‌झ वाढवा आणि प्राइम९५ (प्रोसेसरवर ताण टाकून चुका शोधणारा प्रोग्रॅम) चालवून बघा. चूक दाखवली तर प्रोसेसरचं व्होल्टेज अगदी थोडं वाढवा, तापमानावर नजर ठेवून. मशीन सुरूच झालं नाही, तर वीज काढून सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत येतील.

इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरवर (२०११) मात्र हे जमत नाही. तिथे १०० मेगाहर्ट्‌झच्या बेस क्लॉकलाच (मूळ फ्रिक्वेन्सीलाच) पीसीआय एक्स्प्रेस, साटा (डिस्कची जोडणी) बांधलेले असतात, म्हणून ४-५ टक्क्यांपुढे जाऊ नका. नावाच्या शेवटी ‘के’ असलेला, म्हणजे गुणक खुला असलेला प्रोसेसर असेल तर गुणकच वाढवा.