स्कूबासाठी कॅमेऱ्याचा माउंट: सोलापुरातच बादलीत तपासा, मग मालवणला न्या

सोलापूरहून मालवण-तारकर्लीला निघताना कॅमेरा धरणारा माउंट घरीच जोडून, पाण्यात घालून, तपासून झालेला असावा. तिथे बोटीची वेळ वारा आणि भरती-ओहोटी बघून ठरते, त्यामुळे पहाटे एका बोल्टसाठी दुकानं धुंडाळायला वेळ मिळत नाही. ही माहिती ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला प्रमाणपत्र कोर्स पूर्ण केलेल्यांसाठी आहे. पहिल्यांदाच इन्स्ट्रक्टरचा हात धरून उतरणार असाल, तर शूटिंग सोबतच्या डायव्हरवर सोपवा आणि स्वतः श्वास आणि कानांवरचा दाब सांभाळा.

आधी काय घेऊ नये ते सांगतो. छातीवरचा पट्टा मोटरसायकलवर उत्तम चालतो. पाण्यात मात्र तुम्ही आडवे पोहता, त्यामुळे लेन्स थेट तळाकडे बघते आणि वर बीसीडीचे (हवा भरायच्या जॅकेटचे) पट्टे, नळ्या मध्ये येतात. मास्कच्या पट्ट्यावर कॅमेरा लावला तर प्रवाह त्याला ओढतो. तो दोरीत अडकला की मास्कच निघतो. शिवाय मान जितकी हलेल तितका व्हिडिओ हलतो. चिकटवायचे माउंट तर खाऱ्या पाण्यात भरवशाचे नाहीतच. लांब सेल्फी स्टिकही टाळा, कारण तिचं टोक कुठे टेकलं हे पाण्यात लक्षात येत नाही.

घ्यायचा तो ट्रे: ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिला एक किंवा दोन मुठी. लाइट नसेल तर एक मूठ पुरते. ती उजव्या हातात धरायची, कारण डावा हात बीसीडीत हवा भरायच्या-सोडायच्या इन्फ्लेटरसाठी मोकळा लागतो. लाइट लावायचा असेल तर दोन मुठींचा ट्रे घ्या आणि लाइट धरणारे बाहू २५ मिलिमीटरच्या बॉल-क्लॅम्पचे (गोळ्यावर फिरणाऱ्या पकडीचे) घ्या. लाइट लेन्सला चिकटून नको, बाजूला लांब हवा. नाहीतर पाण्यातला गाळ उजळतो आणि चित्रभर पांढरे ठिपके दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वजन. सगळा साज केसिंगसकट (कॅमेऱ्याच्या पाणी न शिरणाऱ्या डब्यासकट) जोडा आणि बॅग मोजायच्या डिजिटल काट्याला टांगून कोरडं वजन घ्या. मग भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता, पुन्हा बघा. समजा कोरडं ११०० ग्रॅम आणि पाण्यात १५० ग्रॅम भरलं. म्हणजे साज ९५० मिलिलिटर पाणी बाजूला सारतो. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून तिथे तो आणखी २४ ग्रॅम हलका होईल आणि १२६ ग्रॅम भरेल. समुद्रात ५० ते १०० ग्रॅम वजन राहिलेलं बरं: हातातून सुटला तर सावकाश खाली जातो आणि मनगटही दुखत नाही. जास्त असेल तर बाहूंवर फ्लोट चढवा. फ्लोट टणक फोमचाच हवा. मऊ फोम १० मीटरवर दाबून जवळजवळ निम्मा होतो आणि बादलीत जुळवलेला हिशोब चुकतो. तरंगणारी पिवळी-केशरी मूठ स्नॉर्केलिंगला छान, पण स्कूबात ती सतत वर ओढते.

बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांच्या तीन बोटांच्या माउंटला एम ५ बोल्ट लागतो. हार्डवेअरच्या दुकानात जुना बोल्ट नेऊन त्याच लांबीचे दोन जादा घ्या. ‘एसएस ३१६’ असंच मागा, कारण ३०४ वर समुद्रात गंजाचे डाग लवकर पडतात. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट मिठाने जाम होतो, म्हणून आट्यांना किंचित ग्रीस लावा.

कॉइल लॅनयार्ड (कॅमेरा बांधायची स्प्रिंगसारखी दोरी) बीसीडीच्या छातीवरच्या डी-रिंगला, म्हणजे धातूच्या कडीला अडकवा. हुक थेट धातूला न जोडता मध्ये २-३ मिलिमीटरच्या दोरीचा फास ठेवा. कुठे अडकलंच तर चाकूने कापता येतं.

ओ-रिंगबाबत (केसिंगच्या झाकणाला पाणी अडवणारी रबरी कडी) सोलापूरकरांनी एका गोष्टीला जपावं: आपला टेरी टॉवेल. नवा टॉवेल लव सोडतो, आणि एवढासा धागा ओ-रिंगखाली आला की केसिंगमध्ये पाणी शिरतं. पुसायला मायक्रोफायबर किंवा खूप धुतलेलं जुनं धोतर वापरा. रिंग बोटांमधून फिरवून केस, वाळू हाताला लागते का बघा. कंपनीचं ग्रीस नुसती चमक येईल इतकंच लावा, व्हॅसलिन नको. समुद्रावरची हवा दमट असते, म्हणून केसिंग डाइव्हच्या आदल्या रात्री एसी खोलीत, आत अँटी-फॉगची पट्टी घालून बंद करा.

प्रवासात ट्रे आणि बाहू सुटे करून कपड्यांत गुंडाळा. केसिंगचं झाकण सैल ठेवा, नाहीतर रिंग दबलेली राहते. मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत बॅटऱ्या ठेवू नका. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. डाइव्ह लाइटची बॅटरी काढूनच ठेवा, कारण बटण दाबलं गेलं तर तो पाण्याबाहेर भयंकर तापतो. परतीलाही विमान असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास जाऊ द्या.

कॅमेरा घेऊन उडी मारू नका. आधी तुम्ही उतरा, बीसीडी फुगवा, मग बोटीवरच्या माणसाकडून कॅमेरा घ्या. खाली पहिला अर्धा मिनिट केसिंगमधून बुडबुडे येतात का बघा. आले तर लेन्स खाली ठेवूनच वर या, पाणी कुठे साचेल ते त्यावर ठरतं. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे आणि टणक प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रवाळावर ट्रे टेकवून शॉट स्थिर करायचा मोह झाला तर मागे सरका.

वर आल्यावर केसिंग बंदच ठेवून गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि पाण्यातच प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबा. घरी बोअरच्या कठीण पाण्याने धुतलं तर लेन्सवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. मग बोल्ट सैल करून, रिंग काढून, सावलीत वाळवून ठेवा.