१८३७ चं व्यंगचित्र वाचायचं, तर आधी पाट्या वाचा

जुनं राजकीय व्यंगचित्र समोर आलं की आपण आधी ओळखीचे चेहरे शोधतो. मीही तेच करायचो. एडवर्ड विल्यम्स क्लेच्या ‘द टाइम्स’ या शिळाछाप चित्रापुढे मात्र सपशेल फसलो. अमेरिकेतली १८३७ ची मंदी त्यात ठासून भरली आहे, पण ज्याच्यावर ठपका ठेवलाय तो माणूसच चित्रात नाही! आकाशात नुसती एक टोपी, चष्मा आणि मातीचा पाइप. मला वाटलं, सजावट असेल. ते होते अँड्र्यू जॅक्सन. मार्चमध्येच राष्ट्राध्यक्षपद सोडलेले.

तेव्हापासून चेहरे नंतर, पाट्या आधी. चित्र मोठं करून घ्या आणि इमारतींवरची अक्षरं लावा. कस्टम हाउसची, म्हणजे जकात कचेरीची पाटी सांगते, रोख्यांचे पैसे सोन्या-चांदीच्या नाण्यातच भरा. शेजारच्या बँकेची पाटी: इथे नाणं मिळणार नाही. एकेकटी वाचली तर दोन्ही साधी सूचना वाटतात. लागोपाठ वाचा. सरकार सोनं-चांदीच मागतंय, बँक ती देत नाही, मग व्यापाऱ्यानं आणायची कुठून? नुसत्या दोन पाट्यांत क्लेनं अख्खी कोंडी दाखवली. मला तरी या चित्रातला सगळ्यात तिखट विनोद हाच वाटतो.

आता तारखा शेजारी मांडून ठेवा, नाहीतर पाट्यांचा अर्थ लागत नाही. जुलै १८३६ मध्ये जॅक्सन यांच्या सरकारनं फर्मान काढलं, सरकारी जमिनीचे पैसे सोन्या-चांदीतच घ्या. १० मे १८३७ ला न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणं देणं बंद केलं. चित्रातला दिवस आहे ४ जुलैचा, स्वातंत्र्याचा ६१ वा वाढदिवस. झेंडा फडकतोय आणि खाली कारागीर अनवाणी.

शब्दांचे खेळ सोडू नका. नाणं गायब झाल्यावर ज्या फुटकळ खासगी नोटा निघाल्या, त्यांना लोक ‘शिनप्लास्टर’ म्हणत, म्हणजे नडगीवर चिकटवायची पट्टी! त्याच काळातल्या दुसऱ्या एका व्यंगचित्रात तशीच पन्नास सेंटची एक खोटी नोट छापून तिच्यावर जॅक्सनना डुकरावर बसवलंय, सोन्याच्या फुलपाखरामागे धावताना.

मग छापणाऱ्याचं नाव बघा. ‘द टाइम्स’ न्यूयॉर्कच्या एच. आर. रॉबिन्सननं छापलं, आणि त्याच्या दुकानातून जॅक्सनविरोधी चित्रं भरपूर निघत. म्हणून सगळं खापर त्या टोपीवर. बँक ऑफ इंग्लंडनं १८३६ मध्ये व्याजदर वाढवला, कापसाचे भाव कोसळले, याचा मागमूस नाही. चित्रातल्या सावकाराला दिलेलं शायलॉक (शेक्सपिअरच्या नाटकातला ज्यू सावकार) हे नावही तसंच खपवून घेऊ नका. त्यात ज्यूंविषयीचा त्या काळचा आकस आहे.

एवढं झालं की खुशाल चेहरे बघा. चटईवर तान्ह्या मुलाला घेऊन पडलेली आई, जवळच दारू प्यायलेला माणूस, बेकार गवंडी, सुतार. आणि मागे बंगल्याच्या पायरीशी बग्गी आलेला वकील. नाव पीटर पिलेज, म्हणजे पीटर लुटालूट. त्या दिवशी धंदा त्याचाच जोरात होता.