लघवी गळते म्हणून पाणी पिणं बंद केलं? बायांनो, या चुका टाळा

सोलापुरात नळाचं सांगायला नको, पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसाआड येतं, आणि आलं की टाकी, पिंप, घागर, पातेलं, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. तर भरलेली घागर खालून उचलली की माझे दोन-चार थेंब व्हायचे, कधी त्याहून जास्त. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं, म्हणजे अक्कांचं, वेगळंच. त्यांना घागर उचलायचीपण गरज नाही, नुसता नळाचा आवाज आला की हातातलं तिथंच टाकून पळत सुटायच्या आणि संडासाच्या कडीला हात लागेपर्यंत साडी ओली. एका घरात राहून, एकाच नळावर पाणी भरून, चार वर्षं आम्ही दोघी एकमेकींना एका शब्दानं बोललो नाही. दोघींनी काय काय चुका केल्या ते आता लिहितेय, कारण मैत्रिणींशी बोलताना कळतंय की सगळ्याजणी त्याच करतायत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "बाळंतपणं झाली, वय झालं, होतंच की ओ" म्हणून सोडून द्यायचं. बऱ्याच बायकांना होतं हे खरं, पण त्याला उपाय नाही असं कुठंय? आणि याच्यामुळं जगणं किती आवळत जातं ते बाहेरून दिसत नाही. अक्का तीन वर्षं गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेला, आल्या नाहीत, संक्रांतीला अख्खं गाव होम मैदानावर आणि ह्या म्हणे गुडघा दुखतोय. गुडघा बिडघा काही नव्हतं, एवढ्या गर्दीत जायचं कुठं ही भीती. मी लग्नाला गडद रंगाचीच साडी नेसायचे, आणि कुणी हसवायला लागलं की तिथून उठायचे.

दुसरी चूक, गळती म्हणजे एकच आजार समजायचा. खोकला, शिंक, हसणं, वजन उचलणं, म्हणजे पोटावर दाब आला की गळतं तो एक प्रकार, त्यात लघवीचा मार्ग आवळून धरणारे खालचे स्नायू सैल पडलेले असतात. बाळंतपण, वाढलेलं वजन, जुना खोकला, कुंथायची सवय, पाळी जाणं, कारणं बरीच आहेत. आणि अचानक इतकी जोराची लागते की पोचेपर्यंत दम निघत नाही तो दुसरा प्रकार, तिथं लघवीची पिशवीच भरायच्या आधी आवळायला लागते. पाण्याचा आवाज, दाराची कडी, गार पाण्यात हात, एवढंपण पुरतं तिला. काहींना दोन्ही असतं. माझं पहिलं, अक्कांचं दुसरं, आणि उपाय वेगवेगळे.

हे माहीत नसल्यानं मी काय केलं, तर अक्कांच्या पाकिटातल्या चार गोळ्या गुपचूप घेतल्या. त्या घाईच्या प्रकारासाठीच्या होत्या, सॉलिफेनासिन, माझ्या गळतीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तोंड कोरडं पडलं, तीन दिवस पोट साफ नाही, मग कुंथणं आणि कुंथलं की अजून गळती! डॉक्टर बाईंना सांगितलं तर आधी हसल्या, मग चांगल्या रागावल्या.

पाणी कमी पिणं ही तर घरोघरची चूक. पुण्याला जायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून घोट घेत नव्हते, एसटी भिगवणला थांबेपर्यंत ओठ सुकलेले. आणि इथं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. पाणी कमी झालं की लघवी घट्ट पिवळी होते, तशी लघवी पिशवीला उलट जास्त चुरचुरते, इन्फेक्शन होतं, बद्धकोष्ठ होतं. साधारण दीड ते दोन लिटर दिवसभरात थोडं थोडं प्यायचं, उन्हात काम असेल तर जास्त, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. रात्री सारखं उठावं लागत असेल तर झोपायच्या आधीचे दोन तास कमी घ्या, एवढं चालतं. काही कमी करायचंच असेल तर चहा कमी करा. अक्का दिवसाला सात कप प्यायच्या, दोनवर आणल्यावर आठवड्यातच फरक पडला.

आता "निघायच्या आधी एकदा जाऊन येते", ही सवय. एकदा ठीक आहे, पण अक्का दर अर्ध्या तासाला जायच्या, लागली नसली तरी. मोठ्या माणसाच्या पिशवीत चारशे-पाचशे मिली सहज मावतं, पण तिला थोडं साठलं की रिकामं व्हायची सवय लावली तर ती तेवढ्यावरच ओरडायला लागते. डॉक्टरांनी तीन दिवस वही लिहायला सांगितली, किती प्यायलं, कधी गेलं, किती झाली, कधी गळली. मापाचा प्लास्टिकचा मग आणला. पहिल्या दिवशी बघितलं तर प्रत्येक वेळी जेमतेम ऐंशी-शंभर मिली! मग अर्ध्या तासाचा पाऊण तास, पाऊण तासाचा तास, असं वाढवत दीड-दोन महिन्यांत अडीच तासांवर आल्या. मध्येच जोराची लागली तर पळायचं नाही, हे सगळ्यात अवघड. जागेवर थांबायचं किंवा बसायचं, खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळायचे, लाट ओसरली की मग सावकाश चालत जायचं.

त्या आवळण्याबद्दल नीट सांगते, कारण निम्म्याजणी इथंच चुकतात आणि "व्यायाम केला, काही झालं नाही" म्हणून सोडतात. केगल व्यायाम म्हणतात ते हेच, अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये यावर लिहिलं होतं. मी मोबाईलवर बघून सहा महिने केला आणि तो चक्क उलटा करत होते, खाली जोर द्यायचे, बाळंतपणात देतो तसा. फिजिओथेरपिस्टनं बोटानं तपासल्यावर कळलं. करायचं असं: चारचौघात गॅस अडवतो आणि त्याच वेळी लघवीपण अडवतो तसं, आत आणि वर ओढून घ्यायचं. पोट, मांड्या, ढुंगण सैल. पोटावर हात ठेवून बघा, पोट फुगलं तर चुकतंय. श्वास चालू ठेवायचा, एक-दोन-तीन मोठ्यानं मोजलं की आपोआप चालू राहतो. पाच सेकंद धरायचं आणि तेवढंच सोडायचं, हळूहळू दहापर्यंत न्यायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. लघवी करता करता मध्येच थांबवायचा रोजचा व्यायाम अजिबात नको, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. आणि खरी गंमत ही, की शिंक यायच्या आधी, घागर उचलायच्या आधी आवळून घ्यायचं. ही सवय लागायला मला महिना गेला.

पॅडबद्दल थोडंच. पाळीचे पॅड लघवीसाठी नसतात, धार पटकन येते आणि बाजूनं निसटते, कातडी सोलवटते. लघवीसाठीचे वेगळे मिळतात, मेडिकलमध्ये न लाजता मागा.

आणि "पिशवी" या शब्दानं आपल्याकडं लई घोळ घातलाय. लघवीचीपण पिशवी आणि गर्भाचीपण पिशवी. आमच्या ओळखीतल्या एकीला शेजारणीनं सांगितलं पिशवी काढून टाक, गळायचं बंद होईल. गर्भाशय काढणं हा लघवी गळायचा उपाय नाही, उलट काहींना त्यानंतर त्रास वाढतो. अंग खाली येत असेल, म्हणजे गर्भाची पिशवी खाली सरकत असेल, तर ती गोष्ट वेगळी, त्याला आत बसवायची रिंग असते, ऑपरेशन असतं, ते तपासून ठरवतात.

डॉक्टरांकडं जाताना "खाली त्रास आहे" एवढंच म्हणू नका, डॉक्टर पांढऱ्या पाण्याची गोळी देतील. सरळ सांगा, लघवी गळते, कधी आणि किती. लघवीची आणि शुगरची तपासणी आधी होते, कारण इन्फेक्शन किंवा वाढलेली शुगर निघाली तर अर्धं काम तिथंच होतं. बीपीच्या गोळ्या घेत असाल तर पाकीट घेऊन जा, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. पाळी गेल्यावर कोरडेपणा असेल तर लावायचं हार्मोनचं क्रीम देतात. वजन जास्त असलेल्यांना पाच-दहा टक्के उतरवलं तरी फरक दिसतो. दाबाच्या गळतीला व्यायामानं भागलं नाही तर मूत्रमार्गाखाली पट्टी बसवायचं ऑपरेशन असतं, पण जाळीची पट्टी की स्वतःच्या शरीरातली, पुढं काय त्रास होऊ शकतो, हे विचारूनच सही करा. आणि लघवीत रक्त दिसलं, किंवा अचानक लघवी अडली, किंवा कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडायला लागले, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर वही-बिही राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल.

माझं पूर्ण थांबलंय असं नाही. सर्दी-खोकला झाला की अजून गळतं, मग दोन दिवस पॅड. अक्का यंदा गड्ड्याला आल्या, पाळण्यात मात्र बसल्या नाहीत, म्हणाल्या एवढ्यात नको.