इंजेक्शनच्या इंजिनाचं टायमिंग सेट करताना या चुका टाळा

कसारा घाट चढताना गाडी नॉक करते, म्हणजे इंजिनात टकटक वाजतं, अशी तक्रार आली की कार्बोरेटरवर शिकलेला हात आधी डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, तो फिरवला की टायमिंग बदलतं) बोल्टकडे जातो. पण इंजेक्शनच्या इंजिनात ठिणगी कधी पाडायची ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो आणि आयडलवरही टायमिंग सतत हलवत असतो. पुलीवरच्या त्या हलत्या खुणेवर डिस्ट्रिब्युटर फिरवलात, तर सगळी मेहनत वाया.

आधी ईसीएमला गप्प बसवा. डायग्नोसिस कपलरमधल्या (तपासणीच्या सॉकेटमधल्या) ठरलेल्या दोन पिना जंपरने, म्हणजे तारेच्या तुकड्याने, जोडायच्या. जुन्या पेट्रोल टोयोटांत त्या टीई१ आणि ई१, आणि बेस टायमिंग (ईसीएम गप्प असतानाचं मूळ टायमिंग) बहुतेक १० अंश बीटीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याआधी. बाकी गाड्यांचा आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने धरू नका. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी आणि हेडलाइट बंद, आयडल बरोबर. पुलीवरची खाच खडूने पांढरी करून टायमिंग गन (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मारा. जंपर जोडूनही खूण नाचत असेल, तर बोल्टला हात लावू नका. थ्रॉटल सेन्सर तपासा. पॅडल सोडलेलं आहे हेच ईसीएमला कळत नसेल, तर टायमिंग स्थिर होत नाही.

डायलवाली गन असेल तर डायल शून्यावर आहे ना, तेही बघा.

फसवणारी गोष्ट म्हणजे पुली. काही पुल्यांच्या आत रबर असतं. ते सुटलं की बाहेरची रिंग सरकते आणि खूणच खोटी ठरते. शंका आली तर एक नंबरचा प्लग काढून पिस्टन खरोखर वर आलाय का ते बघा. टायमिंग बेल्ट एक दात सरकला असेल, तर तो दोष डिस्ट्रिब्युटर फिरवून झाकू नका.

‘नाशिक उंचावर आहे, दोन अंश पुढे ठेवा’ हा सल्लाही सोडून द्या. मॅप सेन्सर असलेल्या गाडीत हवेचा दाब तोच मोजतो आणि हिशेब ईसीएम करतो. डिस्ट्रिब्युटरच नसेल, प्रत्येक प्लगवर कॉइल असेल, तर फिरवायला काही नसतंच. तिथे नॉकिंगचं कारण कार्बन, पेट्रोल किंवा सेन्सरमध्ये शोधा.

एकदा मी जंपर काढायला विसरलो. गाडी घोटीपर्यंत गेली आणि मालकाचा फोन आला, ‘ओढतच नाही हो.’ टायमिंग बेसवरच अडकलं होतं. तेव्हापासून जंपरला लाल चिंधी बांधतो. तो काढला, की गन धरून थोडा रेस देतो. खूण पुढे सरकली, तरच बॉनेट लावतो.