तित्तर-लावा बघायला जाताय? या चुका टाळा

आपल्या बेळगावकडं पक्षी बघायचा म्हटलं की पोरं गाडी काढतात आणि थेट खानापूरच्या जंगलात, आणि दुपारपर्यंत तित्तर काय दिसत नाही. दिसणार कसा? राखी तित्तराला कोरडा माळ लागतो, काटेरी झुडपं, शेताचे बांध आणि पळायला मोकळी जमीन, म्हणजे गोकाक-सौंदत्तीकडचा भाग. राखी रानकोंबडा पायजे तर मात्र जांबोटी-कणकुंबीकडंच जावा, बांबू, कारवी, घाणेरीची जाळी असते तिथं, अगदी पहाटे रस्त्याच्या कडेला चरायला येतो. बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडनं पूर्वेकडं पाऊस झपाट्यानं कमी होत जातो आणि पक्षीपण तसेच बदलत जातात, हे एकदा ध्यानात आलं की निम्मी पायपीट वाचते.

दुसरं म्हणजे जाळीच्या आत शोधत बसू नका. कडेनं चाला. झुडूप संपून शेत सुरू होतं ना, तिथं जरा खाली वाकून बघा, भुसभुशीत मातीत वाटीएवढे खळगे दिसतील आणि त्यात एखादं बारीक पट्ट्यांचं पीस. तित्तरं धूळ अंगावर घ्यायला रोज तिथं येतात, लांब बसून वाट बघितली तर दिसतातच. दहा वाजता पोचून उपयोग नाही, उजाडताना जावा, आवाज आधी येतो आणि पक्षी मागनं.

लाव्यांचं वेगळं. ते गवतात दबून बसतात, अगदी पायाखालनं भुर्रकन सगळे एकदम उडतात, छातीत धस्स होतं. मग फोटोसाठी परत परत उठवायचं, ही चूक मला बघवत नाही. थवा फुटलाय, ते एकमेकांना हाका मारून गोळा होत असतात, तेवढं होऊ द्या की.

मोबाईलवर आवाज लावून नराला बोलवायचं तर अजिबात नको, विशेषतः पावसाळ्यात. अंडी जमिनीवर असतात, तुमच्या पायाखाली येतील. उन्हाळ्यात माळ पेटवतात त्यातपण हीच घरटी जळतात, गावात कुणी काडी लावत असेल तर बोला त्याच्याशी.

आणि फासे दिसले तर? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, तित्तर-लावापण त्यात आले. जागेचा फोटो काढा, वनखात्याला लगेच कळवा, फासे लावणाऱ्याशी एकटे भांडायला जाऊ नका.